चौथी अट

आमच्या रिठदला बाहेरचा माणूस आला आणि कोणाच्या घराविषयी विचारू लागला, की त्याचा अर्थ एकच निघायचा: सोयरीक. दुसऱ्या कशासाठी कोणी कोणाचं घर विचारतं, हे गावाला ठाऊकच नव्हतं. पोलीस आला तर तो विचारत नसे, दरडावत असे. पटवारी तर गावातच राहायचा, त्याला न विचारताच सगळं माहीत. तेव्हा छत्री काखेत मारलेला, टोपी नीट बसवलेला कोणी परका पारावर टेकला आणि 'अमक्याचं घर कसं काय?' म्हणाला, की पारावरची माणसं आधी सरकून जागा द्यायची, मग पाणी मागवायची आणि मग त्या घराची तारीफ करायला लागायची. आदल्याच दिवशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्याच्याशी कुऱ्हाडी निघाल्या असतील त्याच्या घराचीही. कोणाची पोर तिरळी, कोणाचा बाप पिणारा, कोणाला फिट येते, हे आपसांत बारा महिने बोलायचं. पाहुण्यासमोर चकार शब्द नाही. सोयरिकीत खडा टाकला तर सात पिढ्या नरकात जातात, असं म्हातारी माणसं सांगत.

हा नेम चांगलाच होता. त्यानं गावातल्या कितीतरी पोरींची लग्नं झाली. त्यानंच माझं शिक्षण झालं आणि त्यानंच माझा भाऊ हातचा गेला. म्हणून आधी तो सांगितला.

दादा माझ्याहून बराच मोठा. आम्ही दोघंच भाऊ. गावची शाळा संपल्यावर मी वाशीमला शिकायला जावं, हा हट्ट त्याचा. बाबा म्हणायचे, वावरात आधीच हात कमी पडतात. दादा म्हणाला, ''माहे चार धरा. पन ह्याले जाऊ द्या.'' बाबांना हसू फुटलं, आणि एकदा हसल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. मग सोमवारी पहाटे दादा मला बैलगाडीनं वाशीमला सोडायचा आणि शनिवारी न्यायला यायचा. येताना आठवडाभर काय शिकलो ते विचारायचा आणि मी सांगितलेलं बैलांना समजावून द्यायचा. ''आयकलं का रे? पृथ्वी फिरून राह्यली म्हन्ते हा.'' बैल कान हलवायचे. ''पटलं त्याहिले,'' म्हणायचा. मी जे काही शिकलो ते सगळं अशी त्या दोन बैलांची मंजुरी घेऊन शिकलो.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो तेव्हा दादाला हाका ऐकू यायला लागल्या.

ज्वारीची कापणी चालली होती. दादा एकदम ताठ उभा राहिला, ''ओ! आलो!'' म्हणाला, विळा खाली ठेवला आणि धुऱ्याकडे चालू लागला. धुऱ्यावर कोणी नव्हतं. तो थोडा वेळ तिथं उभा राहून इकडेतिकडे पाहत परत आला आणि कामाला लागला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग जेवताना, मग झोपेतून उठून. कोण हाक मारतं म्हणून विचारलं तर सांगायचा, ''मालूम नाई. पन मलेच मारते.'' कोणी त्याला घाबरत नव्हतं. तो कोणाच्या अंगावर गेला नाही, कोणाला वेडंवाकडं बोलला नाही. फक्त ज्या हाका नव्हत्या त्यांना ओ देत फिरायचा. बाबांनी त्याला दर्ग्यावर नेलं, शिरपूरला देवाच्या पायावर घातलं, वाशीमच्या वैद्याचं कडू औषध पाजलं. दादा सगळीकडे मुकाट्यानं गेला आणि सगळीकडून ओ देत परत आला.

गावानं त्याला येडा कधी म्हटलं नाही. 'हाकेचा हाय' म्हणायचे. सगळ्यांत जास्त लळा लावला तो दुकानदार चाचांनी. मीठ, गूळ, विड्या, परमिटचं रॉकेल, असं त्यांचं दुकान पाराजवळ होतं. दादा दुपारभर तिथं मिठाच्या पोत्यावर बसायचा. ''ओ, आलो!'' म्हणून उठला, की चाचा तराजू तसाच धरून म्हणायचे, ''बैठ बेटा. मले बोलावलं थे, तुले नाई.'' आणि दादाचं समाधान व्हायचं. तो बसायचा. घरी आम्हाला हे सुचलं नव्हतं. आम्ही त्याला, कोणी नाही रे, कोणी नाही, असंच सांगत राहायचो.

मी कॉलेजात गेलो तेव्हा त्याची ही तऱ्हा होती. कॉलेजचं गाव सांगत नाही. वऱ्हाडातलंच होतं, एवढं पुरे. लढाई चालू होती, मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायच्या आणि चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. इंटरच्या वर्षी तिथल्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळताना मला एक प्रकरण सापडलं. कोणी नसताना हाका ऐकू येणाऱ्या माणसांचं. कोशाची पानं उलटत मी ते दिवसभर वाचत बसलो. निम्मं कळलं नाही. पण परमुलखातही शेतातून उठून ओ देणारी माणसं आहेत, त्यांच्या दुखण्याला नाव आहे आणि शहाणी माणसं त्यावर पुस्तकं लिहितात, एवढं कळलं. मी त्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. आनंदानं रडलो. बी.ए.ला मानसशास्त्र हा खास विषय म्हणून घ्यायचा आणि दादाला बरं करायचं, हे मी तिथंच ठरवलं.

विषय आमच्या कॉलेजात नवा होता. शिकवायला पुण्याकडचे एक प्रोफेसर आले होते. सडपातळ, स्वच्छ, बोलणं इतकं शुद्ध की आम्हा वऱ्हाडी पोरांना आपण तोंड धुतलंय की नाही अशी शंका यावी. पण माणूस सरळ होता आणि कामाला पक्का. झालं असं, की ह्या विषयात दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवतात, नजरेनं माणूस वश करायला शिकवतात, अशी हूल उठली आणि अर्ध्या वर्गानं नावं दिली. त्यात असे बहाद्दर होते की ज्यांना स्वतःच्या मनातलं विचारलं तरी जेवणाखेरीज काही सांगता आलं नसतं. प्रोफेसर वैतागले. एक दिवस वर्गात आले आणि फळ्यावर अटी लिहू लागले. ह्या पुऱ्या करील त्यालाच विषय मिळणार.

पहिली अट, इंटरला तर्कशास्त्रात वरच्या वर्गाचे गुण. दुसरी, इंग्रजी उतारा वाचून त्यांच्यासमोर त्याचा सारांश लिहून दाखवायचा. तिसरी, सरासरी वगैरे काढण्याइतकं गणित. ह्या तिन्हींवर वर्गात कुरकुर झाली. मी कुरकुरलो नाही. तर्कशास्त्र मी घोकून घोकून पचवलं होतं. इंग्रजीसाठी कोशाची पानं सुटी केली होती. मला वाटलं, आपलं काम झालं.

मग त्यांनी चौथी अट लिहिली. उमेदवाराच्या घरात कोणाला वेड नसावं.

खडू ठेवून त्यांनी कारण सांगितलं. आधीच्या कॉलेजात त्यांचा एक विद्यार्थी होता, हुशार, आणि त्याची आई भ्रमिष्ट. त्यानं पुस्तकात जे जे वाचलं ते ते घरी पाहिलं, मग स्वतःतही पाहू लागला. अभ्यास सुटला आणि शेवटी मुलगाही हातचा गेला. ''उघडी जखम घेऊन शस्त्रक्रिया शिकायला येऊ नये,'' ते म्हणाले. हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. त्या मुलाचं त्यांना खरंच दुःख होतं. म्हणून मला त्यांचा पुरता रागही करता येत नाही, आणि ही एक वेगळीच शिक्षा आहे.

मागून कोणीतरी विचारलं, ''सर, हे तुम्हाला कळणार कसं?''

''तुम्हाला नाही विचारणार,'' ते म्हणाले. ''मुलगी देताना आपल्याकडे कशी चौकशी करतात? घरच्यांना विचारत नाहीत, गावाला विचारतात. तसंच करू.''

वर्ग खो खो हसला. प्रोफेसरही हसले. परदेशी पुस्तकातलं नव्हे, आपल्या मातीतलं साधन शोधून काढलं, याचा त्यांना अभिमान वाटत होता. त्यांनी चौकशी करणारे पाहिले होते. ज्या पारावर चौकशीला उत्तरं मिळतात, तिथं ते कधी बसले नव्हते.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. दाराशी उभा राहून ''सर, माझ्या घरी...'' एवढं म्हणालो, तोच त्यांनी हात वर केला. ''उमेदवाराच्या तोंडचं मी काही धरणार नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. सगळ्यांना एक न्याय. त्या त्या तालुक्याच्या वकिलांना मी लिहिलं आहे, गावात चौकशी होईल.'' आणि चहा विचारला. मी चहा प्यायलो आणि परत आलो.

पुढचे दिवस मी फाशीच्या कैद्यासारखे काढले. चौकशी म्हणजे काय, ते मला त्यांच्याहून बरं कळायला हवं होतं. पण गावापासून लांब राहिलं की गावाची अक्कलही लांब राहते. कोणी रिठदला गेलं, की पाराजवळच दादा बसलेला दिसणार, 'ओ' म्हणून उठणार, आणि संपलं, असंच मला वाटत होतं. कोणता दुसरा विषय घ्यायचा याचा मी विचारही केला नाही. दुसऱ्या विषयाचं मला कामच नव्हतं.

आणि नावं लागली, त्यात माझं नाव.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला उलगडा झाला, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. प्रोफेसरांना सगळं कळलंय. दादाचं कळलंय, आणि कळूनही त्यांनी मला घेतलंय. माझ्यासाठी नियम मोडला आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून बोलले नाहीत. त्या सत्रात मी त्यांचा भक्त झालो. त्यांचा प्रत्येक शब्द उतरवून घेतला. त्यांनी वर्गात माझ्याकडे पाहिलं की वाटायचं, ह्या माणसाला माझा दादा माहीत आहे. घरापासून इतक्या लांब दादाला ओळखणारं कोणीतरी आहे, ह्या विचारानं मला रात्री झोप लागायची. इतका सुखी मी आयुष्यात पुन्हा झालो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वाशीमला मोटारीतून उतरलो तर गाडी घेऊन बाबा आले होते. दर वेळी दादा यायचा.

''दादा कुठाय?''

''हाय घरी,'' बाबा म्हणाले. ''बरा हाय आता. ओ देत नाई. कवाची बंद झाली थे.''

मी गाडीत उभाच राहिलो. बाबा बैल हाकत होते आणि मला धावत गावाकडे सुटावंसं वाटत होतं. एकच सत्र शिकलो, अजून औषध शोधलं नाही, आणि माझा दादा आपोआप बरा झाला! बाबांच्या पाठीवर मी थाप मारली. तसं मी कधी करत नसे.

घरी माय दारात उभी होती. तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पण तोंडावर हसू नव्हतं. दादा गोठ्यात होता. मी हाक मारली. त्यानं ऐकली, कारण त्याचा हात थबकला. पण ओ दिली नाही, वळलाही नाही. मी जवळ गेलो तसा तो उठला, मालकाचा पोरगा आला की सालदार उठतो तसा, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि बाजूला झाला. ओळखीचं हसला मात्र. मग बादली घेऊन विहिरीकडे निघून गेला.

''घरात येत नाई,'' माय म्हणाली. ''पोळ्याच्या आधीपासून. जेवाले बोलावलं तं येत नाई. ताट गोठ्यात नेऊन ठेवा लागते. मी आवाज देते, देते, घसा सुकते माहा. पह्यले कोनी हाक नाई मारली तरी धावत ये. आता मी मारते तं पाहात बी नाई.'' आणि मग पदराआडून, ''लोक म्हन्ते सुधरला. मी काय म्हनू?''

काय झालं होतं ते तिलाही माहीत नव्हतं. मला ते चाचांच्या दुकानात कळलं. चाचा मला पाहताच गल्ल्यावरून उठून बाहेर आले, इतके खूश.

''काय रे, मिठाई कवा? तुह्यासाठी आलते ना पाहुने! वाशीमच्या वकिलाचा कारकून. गाडीतून उतरला तो सीधा माह्या दुकानात. म्हने, ह्या घरात कोनी येडंखुळं हाय काय? कोनाले कधी येड लागलं होतं काय? आता इतकं बारीक इचारते तं पोरीवाले मोठेच असन. मी म्हनलं, तोबा तोबा! खानदान एकदम साफ. एकच पोरगा हाय त्याहिले, थो कालेजात हाय. मंग थो पारावर गेला, पाटलाकडे गेला. साऱ्या गावानं थेच सांगतलं. एकाचा शब्द इकडचा तिकडे नाई झाला!''

''आणि दादा? दादा कुठं होता?''

''इथीच. ह्याच पोत्यावर. कारकून पाहाले लागला त्याच्याकडे, म्हने हा कोन? मी म्हनलं, हा असाच. ह्याचं मागंपुढं कोनी नाई, दोन घास खाते अन् पडून राह्यते.'' चाचांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ''अन् नसीब पाहाय. त्याच टायमाले हा ओ म्हनून उठला असता तं? मी आतून कापून राह्यलो होतो. पन नाई. कारकून गाडीत बसून जाईपर्यंत त्यानं तोंडातून आवाज नाई काढला. बसून राह्यला असा, मान खाली घालून. समजदार हाय तुहा भाऊ.''

मी म्हटलं, ''चाचा, ती सोयरीक नव्हती.''

''मंग काय होतं?''

''मला शिकायला घ्यायचं की नाही, ते पाहत होते.''

''शिकाले?'' ते म्हणाले. ''शिकाले भावाचं काय काम?''

चाचांना हळूहळू समजू लागलं असावं. ते पोत्याकडे पाहत खाली बसले. दादा त्या दिवसापासून दुकानात आला नव्हता, आणि सोयरीक जुळून राह्यली म्हणून घरच्यांनी त्याला आवरलं असेल, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गूळ घेऊन आमच्या गोठ्यात गेले. ''बेटा, थे मी खोटं बोललो होतो,'' म्हणाले. दादानं दोन्ही हात पुढं करून गूळ घेतला, परक्याकडून घेतात तसा, आणि तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

मीही बोललो. सुट्टीभर गोठ्यात बसून बोललो. दादा, ती चौकशी कॉलेजची होती. गावाला कळलं नाही रे. तू आहेस, तू ह्या घरचा मोठा आहेस. तो ऐकायचा. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत ऐकायचा. मी पृथ्वी फिरते म्हणून सांगायचो तेव्हा जसा मन लावून ऐकायचा तसाच. पण तेव्हा तो ते बैलांना सांगायचा. आता काहीच म्हणत नव्हता.

कॉलेज उघडल्या दिवशी मी प्रोफेसरांची खोली गाठली. ह्या वेळी त्यांनी हात वर केला तरी मी थांबलो नाही. सगळं सांगितलं. दादाच्या हाका, पार, चाचा, गोठ्यातलं ताट. सांगताना मला कळलं की ह्या माणसाला दादा माहीत नव्हता, कधीच नव्हता. त्या सत्रभर मी ज्याची पूजा केली तो मी मनात बसवलेला देव होता. मी रडत होतो. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मला पाणी दिलं आणि फार मायेनं म्हणाले, ''असं होतं. पहिल्या सत्रानंतर निम्म्या वर्गाला असं होतं. पुस्तकात जे वाचावं ते घरी दिसायला लागतं. मागच्या आठवड्यात एक जण आला होता, त्याची आजी भ्रमिष्ट झाली म्हणून.''

''सर, तुम्ही या रिठदला. डोळ्यांनी पाहा.''

''चौकशी झालेली आहे,'' ते म्हणाले. ''सबंध गाव एकच सांगतं, ते काय खोटं?'' मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, ''आता येतात का त्याला हाका?''

''ओ देत नाही आता.''

''मग?'' ते म्हणाले. ''असलाच काही त्रास, तर तो गेला की!''

बाबा तेच म्हणाले होते, गाव तेच म्हणत होतं. इतकी पुस्तकं वाचलेला माणूसही तेच म्हणाला. मला त्या खोलीतलं सगळं फोडून टाकावंसं वाटलं. मी पाण्याचा पेला जागेवर ठेवला आणि बाहेर पडलो.

विषय सोडला का नाही, असं कोणी विचारील. सोडणार होतो. पण वाटायचं, पुढच्या प्रकरणात काहीतरी असेल. ते प्रकरण संपलं, की त्याच्या पुढच्यात. अशा आशेवर मी दोन वर्षं काढली. नसलेल्या हाका ऐकणाऱ्यांवर पुष्कळ लिहिलेलं होतं. खरी हाक ऐकूनही जो ओ देत नाही, त्याच्याबद्दल कोणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही. परीक्षेत त्या विषयात मला चांगले गुण मिळाले. प्रोफेसरांनी पाठीवर हात ठेवला आणि अटींचा उपयोग झाला म्हणाले.

बी.ए. होऊन मी रिठदला आलो तो उन्हाळा होता. बाबांनी पेढे वाटले. दादाला माय गोठ्यात पेढा देऊन आली. संध्याकाळी मी तिकडे गेलो. काही शिकवायला नाही, समजावायला नाही. त्या आशा आता उरल्या नव्हत्या. नुसता जाऊन गव्हाणीच्या कडेवर बसलो. दादा कडबा तोडत होता. त्याच्या कानशिलावरचे केस पिकायला लागले होते.

बऱ्याच वेळानं त्यानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या पोळ्याआधीच्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आवाज अगदी बारीक काढून त्यानं विचारलं, ''सायेब गेले?''

''कोण साहेब?''

''चौकशीवाले.''

''गेले, दादा. कधीच गेले. आता काही नाही. माझी परीक्षा झाली. मी पास झालो.''

''पास झाला?'' त्याचा चेहरा उजळला. किती दिवसांनी मी तो चेहरा पाहिला! त्यानं वळून बैलाच्या कपाळावर हात ठेवला, आणि मला वाटलं, आता तो बैलांना सांगणार. पण तो पुन्हा दाराकडे पाहू लागला.

''पन थे पुन्हा येतीन,'' म्हणाला. ''येतीन तं तू भेऊ नोको. मी सांगतो ना त्याहिले. ह्या घरात येडं कोनी नाई. एकच पोरगा हाय, थो कालेजात हाय.'' कडब्याची पेंढी उचलून घेत त्यानं मला डोळ्यांनी उठायची खूण केली. ''आता जाय तू घरात. माह्याजवळ नोको बसू. कोनी पाहीन.''

मी उठलो नाही. तोच पलीकडच्या गव्हाणीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. इतक्यात घरातून मायनं जेवायला हाक मारली. आम्हा दोघांची नावं घेऊन मारली. ती हाक त्याला ऐकू आली. त्याचे खांदे हलले. मी त्याच्या पाठीकडे पाहत बसलो. माय पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली, आणि मलाही ओ देता आली नाही.